आडकोंडाचा उतारू

पंचनाम्यात मी एकच वाक्य खोटं सांगितलं. बाकीचा पंचनामा अक्षरशः खरा होता. गाडीचा काळा रंग, आठ फूट खोल काजूची बाग, माझ्या मोडलेल्या तीन बरगड्या, मथुरेचा दोन ठिकाणी मोडलेला डावा पाय, यातलं काहीही मी पदरचं घातलं नव्हतं. पण माणसाच्या खऱ्या वाक्यांची कोणी दखल घेत नाही. पाय फुटतात ते खोट्याला.

ते वाक्य असं: "अचानक एक इसम आडवा आला."

'इसम' हा शब्द जमादारांचा. मी 'माणूस' म्हणालो होतो. प्रत्यक्षात ना इसम होता ना माणूस. आम्ही गणपतीपुळ्याला दर्शनाला निघालो होतो आणि घरून नारळ नेण्यापेक्षा देवळाजवळ घेतलेला नारळ महाग पडतो की स्वस्त, यावर मी मथुरेला काही समजावत होतो. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. मुद्दा मांडताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायची मला सवय आहे. ते बोट वर असताना आडकोंडाचं वळण आलं. मी आलो नाही.

हे सगळं जमादारांना खरं सांगावं असं मनात होतं. पण इस्पितळातल्या माझ्या खाटेभोवती आमचे उपप्राचार्य, मेहुणे आणि शेजारचे भिकाजीपंत उभे होते, आणि इतक्या लोकांदेखत बायकोचा पाय नारळाच्या भावापायी मोडला असं सांगणं मला जड गेलं.

"इसम दिसायला कसा?" जमादारांनी विचारलं.

"धोतर. डोक्याला मुंडासं."

"वय?"

"साठ-पासष्ट असेल."

खोट्याला एकदा धोतर नेसवलं की वयही द्यावं लागतं. जमादार कामसू निघाले. त्यांनी आडकोंडाला जाऊन चौकशी केली. त्या वळणापासून दोन मैलांत घर नाही, असलं मुंडासं बांधणारा कोणी नाही, त्या दिवशी त्या वाटेनं कोणी गेलंही नव्हतं. त्यांनी खाली लिहून टाकलं, 'सदर इसम मिळून आला नाही.' म्हणजे इसम होता. फक्त मिळून आला नाही. सरकारी कागदावर त्याला जन्म मिळाला तो असा.

तीन महिन्यांनी गाडी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या गॅरेजातून दुरुस्त होऊन आली. मथुरेच्या पायाचं प्लास्टर तोवर निघालं होतं, पण पाऊल टाकताना ती अजून अंमळ डावीकडे झुकायची. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नव्हता. फक्त ती गाडीत बसत नव्हती. तसल्या पायानं एस.टी.च्या पायऱ्या चढायची, बाजारहाट करायची, मावशीकडे जायची. मी म्हणायचो, "आता गाडी आहे की. मी सोडतो."

ती म्हणायची, "बघू."

बावीस वर्षांच्या संसारात मथुरा ज्या ज्या गोष्टीला 'बघू' म्हणाली, ती ती गोष्ट आमच्या घरात कधी झालेली नाही. मला दुसरं काही नको होतं. गाडी विकली गेली असती तरी चाललं असतं. पण एकदा, एकदाच, ती माझ्या शेजारी येऊन बसायला हवी होती. नाहीतर उरलेला जन्म आम्ही एकाच घरातून निघून दोन वाहनांनी एकाच लग्नाला जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणि मी तरी कुठे चालवत होतो! रोज सकाळी अंगणातल्या फणसाखाली गाडीत जाऊन बसायचो. किल्ली फिरवायची, इंजिन सुरू व्हायचं, आणि क्लचवरचा डावा पाय पावसात भिजलेल्या मांजरासारखा थरथरायला लागायचा. लोकांना वाटतं अपघाताचा मोठा आवाज कानात राहतो. तसं नसतं. चाकांखालचा रस्ता संपतो तेव्हा आवाज होत नाही, आवाज थांबतो. ती शांतता माझ्या कानात बसली होती. इंजिन सुरू केलं की तिच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे.

भिकाजीपंत रोज आमच्या मधल्या दगडी गडग्यापाशी दात घासत उभे असायचे. ते मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कोणतंही काम प्रगतिपथावर आहे की नाही हे विचारल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे.

"काय पोंक्षे, आज कुठवर?"

"आज आरसा पुसला."

"वा! काल तर नुसते बसला होतात."

गाडीच्या डाव्या दाराचं एक विचित्र होतं. ते आपोआप उघडायचं. खटका गॅरेजवाल्यानं दोनदा बदलला होता. गाडी उभी असली की दार हलकेच चार बोटं उघडायचं, थोडा वेळ तसंच राहायचं आणि पुन्हा मिटायचं. कोणीतरी उतरायला निघावं आणि विचार बदलावा, तसं. मी उतार, वारा आणि बिजागरी अशी तीन कारणं काढली. अंगण सपाट होतं, वारा नव्हता, बिजागरी नवी होती.

शेवटी भिकाजीपंतांनी केरू सुर्व्याला आणलं. केरूनं तीस वर्षं एस.टी. चालवलेली. सगळे घाट त्याच्या मनगटात. आडकोंडाच्या पलीकडच्याच गावचा. "मी नुसता बाजूला बसतंय, सर," तो म्हणाला. "तुमी गेर टाका. मानूस शेजारी असला की पाय थरथरत नाय."

तो डाव्या सीटवर बसला. मी किल्लीला हात लावला. तेवढ्यात केरू उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"सर, हितं कोन बसला व्हता?"

"कोणी नाही."

"सीट ऊन हाय."

"उन्हानं तापली असेल."

केरूनं बॉनेटवर बोट फिरवून मला दाखवलं. बोट ओलं झालं. गाडी रात्रभर फणसाखाली होती, टपावर दव तसंच होतं. मी वाकून सीटला हात लावला. ऊन होती. सगळी नाही, मधोमध, पाटाएवढी. मागची सीट लादीसारखी गार होती.

"त्यो आडवा आलेला मानूस," केरू सावकाश म्हणाला, "गाडीला धडकला काय?"

"नाही."

"खाली गावला काय?"

"नाही."

"पळताना बगितलात?"

"नाही."

"मग त्यो चढला."

वीस वर्षं मी विकल्पात्मक संवाक्य शिकवतो आहे. अ किंवा ब किंवा क, अ नाही, ब नाही, म्हणून क. इतकं निर्दोष उदाहरण माझ्या एकाही विद्यार्थ्यानं आजवर दिलं नव्हतं. चूक फक्त गृहीतकात होती, आणि गृहीतक माझं होतं, माझ्या सहीनिशी होतं. भिकाजीपंतांनी तोंडातली राखुंडी गिळली. स्वयंपाकघराच्या दारात मथुरा उभी होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ती आडकोंडाला गेली. तिथल्या महिपत गुरवानं देवाला कौल लावला. पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली पडते ते बघायचं, उजवी म्हणजे होकार. उजवी पडली. मग खात्रीसाठी पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी पडली. तीन दिवसांनी महिपत स्वतः छत्री घेऊन माझ्या ओटीवर हजर झाला. वर्ण काळासावळा, आवाज इतका हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागे. आणि वाकलं की माणूस निम्मं कबूल होतो.

"आमचा जागेवाला, हद्दीचा राखनदार, तुमच्या गाडीत हाय, सर. चार म्हयनं आमची हद्द उगडी पडलेय. गुरा बिचकतात. वळनावर कुत्रा थांबत नाय."

"मी काही त्यांना नेलेलं नाही."

"त्यो चढला म्हंजे तुमी नेलावच. यस्टीत चढलेला मानूस यस्टीच नेते कनी?"

मग त्यानं अटी सांगितल्या. ज्यानं नेलं त्यानंच आणून सोडायचं. भर दुपारी बाराला पोचायचं. गाडीत दुसरा जीव नको. आणि सुटल्यापासून वळणापर्यंत मध्ये कुठे म्हणजे कुठे थांबायचं नाही.

"थांबलं तर?"

"त्याला वाटंल हीच आपली जागा. उतरंल. मग त्या गावात आदीचा एक आनि ह्यो एक. दोन जागेवाले एका हद्दीत... " महिपतनं छत्री घट्ट धरली.

मी म्हणणार होतो की हे सगळं खोटं आहे. ओठांपर्यंत आलं होतं. पण ओटीवर भिकाजीपंत होते, केरू होता, पलीकडच्या बिऱ्हाडातली दोन माणसं होती. चारचौघांत सांगितलेलं खोटं चारचौघांतच मागे घ्यावं लागतं, आणि तेवढे चौघे एकत्र जमले की हिंमत होत नाही.

त्या दिवसापासून मथुरेनं रोज संध्याकाळी डाव्या दारापाशी गूळपाणी ठेवायला सुरुवात केली. "महिनाभर माणूस आपल्या अंगणात आहे आणि साधं पाणी नाही विचारलं," एवढंच ती म्हणाली. सकाळी गूळ नसायचा. मुंग्या, असं मी म्हणालो. मुंग्या आमच्याकडे पूर्वीपासून होत्या, पण तांब्यातलं पाणी पिणाऱ्या नव्हत्या. भिकाजीपंत आता गडग्यावरून "नमस्कार हो" म्हणायचे तेव्हा त्यांची नजर माझ्यावर नसायची. मी अंगणात बसलेला असलो तरी ते विचारायचे, "घरात कोणी आहे का?"

पुढचा घोळ नाक्याचा. शहराबाहेर तेव्हा तपासणीचा एक नाका होता आणि तिथे प्रत्येक गाडीला थांबावं लागे. थांबलो तर उतारू नाक्यावरच उतरणार. भिकाजीपंतांच्या निवृत्त आयुष्यात अर्ज लिहिण्याचा योग बऱ्याच दिवसांनी आला होता. त्यांनी तीन कच्चे खर्डे केले. 'विषय: खाजगी गाडी नाक्यावर न थांबविणेबाबत.' तो घेऊन मी संबंधित कारकुनासमोर उभा राहिलो.

"का थांबायचं नाही?"

"उतारू उतरेल."

"मग उतरू दे की. लोकशाही आहे."

"त्यांना आडकोंडाला उतरायचंय."

"नाव काय उतारूचं?"

"ठाऊक नाही."

"तुमचं नातं?"

"मी त्यांना... आणलं होतं."

कारकुनानं चष्मा काढला. अर्ज पुन्हा, या खेपेस सावकाश, वाचला. मग पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवून हळू आवाजात म्हणाला, "जागेवाला का?"

मी मान हलवली.

"आधी सांगायचं नाही का! अहो, आम्ही हेदवीकडचे." त्यानं शिक्का शोधला, त्यावर दोनदा हाः केलं आणि उमटवला. "फाटक वर ठेवायला सांगतो. पण परत येताना थांबा. परतीची परवानगी यात अंतर्भूत नाही." मी उठलो तसा माझ्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे बघून तो खुर्चीतून अर्धवट उभा राहिला.

बातमी माझ्यापुढे बत्तीस किलोमीटर गेली. वाटेवरच्या गावांतून निरोप येऊ लागले. आम्ही गुरं बांधून ठेवतो. बैलगाड्या रस्त्यावर येणार नाहीत. पोरांना घरात ठेवतो. सर, तेवढं आमच्याकडे थांबू नका. आयुष्यात मला कोणी इतक्या आर्जवानं कुठे बोलावलं नव्हतं, ते सोडा. न थांबण्याचं इतकं आग्रहाचं आमंत्रण मात्र अनेक गावांनी एकदम दिलं.

मार्चातला बुधवार ठरला. सकाळी उठलो तर मथुरा घरात नव्हती. मावशीकडे जाते, असं भिकाजीपंतांच्या घरी सांगून पहाटेच गेली होती. मला फार लागलं. गाडीत बसू नये, एक वेळ समजू शकतो. पण फाटकाशी उभं राहून निरोपही देऊ नये? पावणेअकराला मी गाडीत बसलो. डावं दार उघडं होतं. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "निघू या?" दार मिटलं.

भिकाजीपंतांनी फाटक उघडलं आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. जागेवाल्याला नेताना कोणी त्याच्याकडे बघायचं नसतं, ही महिपतनं मागाहून कळवलेली पुरवणी अट.

पाय थरथरत होता. पण क्लच सुटला आणि गाडी चालायला लागली. कशी, ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. भिण्यासाठी एकान्त लागतो. शेजारी परका माणूस बसलेला असताना प्राध्यापकाला पाय थरथरवता येत नाही. नाक्याचं फाटक वर होतं. दोन्ही शिपाई रस्त्याकडे पाठ करून उभे होते आणि त्याच अवस्थेत त्यांनी सलाम ठोकला, समोरच्या करवंदीच्या जाळीला.

मग पहिलं गाव आलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. पुरुष, बायका, म्हातारे, पन्नास-साठ असतील. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. कोणी हलत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही. भर दुपारी एवढ्या माणसांत फक्त माझ्या इंजिनाचा आवाज होता, आणि मी पुढे गेलो की मागे कुणाच्या तरी बांगड्या एकदाच वाजायच्या. सुटकेचा श्वास सोडल्यासारख्या.

दुसरं गाव तसंच. तिसऱ्यात पेरणीसाठी शेतातली दाढ, म्हणजे भातरोपांची जागा, भाजायला लावली होती. वाळका पाला आणि शेणी जळत होत्या आणि धूर रस्त्यावर आडवा पडला होता. त्या धुरात पाठी होत्या. दोन हातांवर आल्याशिवाय दिसत नसत. एक पाठ मी ओळखली. दुसऱ्या वर्षातला, शेवटच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी होता. वर्गात माझ्याकडे तो नेहमी पाठच करायचा, पण इतक्या आदरानं त्या दिवशीच पहिल्यांदा. पुढे एक एस.टी. कडेला उभी होती, भरलेली. आतले सगळे उतारू पलीकडच्या खिडक्यांकडे तोंड करून बसले होते आणि ड्रायव्हर स्टिअरिंगला पाठ लावून. रस्त्याकडे पाठ केलेला ड्रायव्हर बघून मला चार महिन्यांपूर्वीचं माझं बोट आठवलं.

मला बोलल्याशिवाय राहवेना. "खरं सांगायचं तर," मी समोर बघतच म्हणालो, "तुम्ही नाहीच आहात. तुम्हाला मी केलंय. धोतरासकट."

डाव्या दाराचा खटका टक् वाजला. मी घाईघाईनं म्हणालो, "राहिलं."

शेवटचे सहा किलोमीटर सडा आहे, म्हणजे उघडं पठार. तिथे गाव नाही, झाड नाही. काळा जांभा कातळ, त्यावर वाळून पिवळं झालेलं गवत आणि वर एकच घार. पाठ करायलाही कोणी नाही. वारा पडला होता, तरी गवत रस्त्याच्या डाव्या कडेनं माझ्याबरोबर वाकत येत होतं. आणि मग मला सीटची स्प्रिंग ऐकू आली. एकदाच, कर्र अशी. आपलं ठिकाण जवळ आलं की माणूस पुढे सरकून बसतो, तेव्हा वाजते तशी. समोर वळण होतं.

तिथे पाय खरा गारठला. कानातली ती शांतता पुन्हा आली. डावीकडे कठडा नवा बांधलेला, चुन्याचा पांढरा, आणि पलीकडे ती काजूची बाग. मी दुसरा गिअर टाकला, दोन्ही हात चाकावर ठेवले, नजर रस्त्यावर ठेवली आणि वळणाच्या अलीकडे गाडी उभी केली. बाराला दोन मिनिटं होती. डावं दार सावकाश पूर्ण उघडलं.

कठड्यापाशी महिपत पाठ करून बसला होता, पुढ्यात नारळ. आणि वीस पावलांवर, रस्त्याकडेच्या एका काजूच्या सावलीत आणखी एक पाठ होती. निळं लुगडं, डावीकडे अंमळ झुकलेली. ती पाठ मी बावीस वर्षं ओळखतो. मावशीचं घर या दिशेला नव्हतंच.

महिपतनं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. वळून न बघता, त्याच हळू आवाजात. "बा जागेवाल्या म्हाराजा, ह्या हद्दीचा तू राखनदार. तू वाटंत आडवा आलास, ह्या मास्तराच्या हातून चूक झाली..."

तो थांबला. गाऱ्हाण्यात दर वाक्याला कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. एरवी गाव म्हणतं. इथे मीच होतो.

"व्हय म्हना, सर."

एक खोटं मी जमादारांना सांगितलं होतं, कारकुनाला सांगितलं होतं, बत्तीस किलोमीटर माणसं त्यापायी उन्हात उभी केली होती. पण ते पुन्हा एकदा, त्या उघड्या दारासमोर आणि त्या झुकलेल्या पाठीदेखत, मला म्हणवेना.

"नाही महाराजा," मी म्हणालो.

महिपतची पाठ ताठ झाली. "काय म्हनता?"

"आडवा कोणी आला नव्हता. मी हिच्याकडे बघत होतो. नारळाच्या भावावरून आमचं चाललं होतं. रस्त्याकडे माझं लक्षच नव्हतं. चूक माझी. सगळी."

महिपत म्हणाला, "ह्या गाराण्यात बसत नाय, सर." आणि थोड्या वेळानं, "मागच्या गावांना येवडा सांगू नका. दुपारचे जेवले नसतील ते."

मथुरा वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"झालं बोलून?"

"तुला ठाऊक होतं?"

"मी शेजारी होते ना! तुम्ही माझ्याकडे बघत होतात, मी पुढे बघत होते."

"मग एवढे दिवस..."

"खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी बसता येतं हो. बावीस वर्षं बसलेच की. पण ज्याला वाटतं की दुसरंच कोणी आडवं आलं, तो पुढच्या खेपेला तरी रस्त्याकडे बघेल कशावरून?"

वाक्य निर्दोष होतं. मी मान खाली घातली. "जमादारांना तू का नाही सांगितलंस, की कोणी नव्हतं म्हणून?"

"जमादार तुमच्या खाटेशी आले. बायकांच्या वॉर्डात कोण येतंय? मला कोणी विचारलंच नाही." तिनं पदर सारखा केला. "आणि कोणी नव्हतं असं मी कशाला सांगेन? आडवा नव्हता आला तो. कडेला उभा होता. हात दाखवत होता, गाडी थांबवा म्हणून. बघितलं असतंत तर थांबला असतात."

घार खाली उतरून कातळावर बसली होती. मी विचारलं, "कोण?"

"मला काय ठाऊक? पंचा नेसला होता. मुंडासं नव्हतं."

महिपत उठला. नारळ न फोडता, आहे तिथेच ठेवून, मागे न बघता तो पायवाटेनं चालू लागला. आणि त्याच्या वयाच्या, हातात छत्री असलेल्या माणसाला शोभणार नाही इतक्या वेगानं दिसेनासा झाला.

मथुरा एकेक पाऊल टाकत गाडीपाशी आली. दारात ती क्षणभर बाजूला सरून उभी राहिली. एस.टी.त चढण्यापूर्वी आतल्याला उतरू द्यावं, तशी. मग सीटवर हात ठेवून बघितला, आत बसली आणि दार ओढून घेतलं. दार लागलं. लागलेलं राहिलं.

"चला आता," ती म्हणाली. "आणि पुढे बघून चालवा."

गाडी सुरू केली. पाय थरथरला नाही. जागेवाला उतरला की नाही, हे मी तिला विचारलं नाही. विचारताना तिच्याकडे बघावं लागलं असतं. घरापर्यंतचे बत्तीस किलोमीटर मी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आणि मागची सीट ज्यात दिसते त्या आरशात तर मुळीच नाही.